बायझंटाईन अनामिक फोलिस: नाणे ओळखण्याचा, नोंदवण्याचा आणि जपण्याचा योग्य क्रम

नवे संग्राहक दाखवायला आणतात त्या मध्ययुगीन बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या) ब्राँझ नाण्यांपैकी बरीच नाणी आधीच घासलेली असतात. आधी घासायचे, मग फोटो काढायचा आणि शेवटी ‘हे कोणत्या सम्राटाचे?’ असे विचारायचे, हा क्रम उलटा आहे. प्रश्नातही गफलत आहे, कारण ज्या नाण्यांवर ख्रिस्ताची प्रतिमा सर्वांत ठळकपणे दिसते त्या ‘अनामिक फोलिस’ (फोलिस हे ब्राँझ नाण्याचे नाव) नाण्यांवर सम्राटाचे नाव नसते आणि चेहराही नसतो. सम्राट पहिल्या जॉन झिमिस्केसच्या कारकिर्दीत (९६९ ते ९७६) ही नाणी सुरू झाली आणि पहिल्या अलेक्सियसने १०९२ मध्ये चलनसुधारणा केली तेव्हा ती थांबली. त्यांची ओळख वर्गांनी होते. ए ते के असे अकरा मुख्य वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्ग दोन्ही बाजूंच्या चित्रांच्या जोडीवरून ठरतो. पुढचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत, कारण मधला एखादा टप्पा गाळला तर त्याची माहिती बहुतेक वेळा कायमची जाते.

## पूर्वतयारी

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (लोखंडी कॅलिपरच्या टोकांनी कडेवर ओरखडे उमटतात), दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि मान वळवता येईल असा टेबललॅम्प एवढे साहित्य पुरते. टेबलावर मऊ कापड अंथरावे, म्हणजे नाणे हातातून निसटले तरी फरशीवर आपटत नाही. नाणी ठेवण्यासाठी पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत. बाजारात स्वस्तात मिळणारी मऊ, लवचीक आणि वास येणारी पाकिटे पीव्हीसीची असतात. काही वर्षांत त्यांतून चिकट हिरवट द्रव सुटतो आणि तो तांब्याला खातो.

ही नाणी रूढीने ब्राँझची म्हटली जातात, पण त्यांचा धातू बहुतांशी तांबेच आहे. आपल्या घरातल्या तांब्याच्या भांड्यांचे शत्रू, म्हणजे आंबट पदार्थ, मीठ आणि ओल, त्यांचेही शत्रू आहेत. फरक एवढाच, की भांडे पुन्हा लख्ख करता येते आणि नाणे येत नाही.

## टप्पा १: काय जमवायचे ते आधी ठरवावे

सुरुवातीला प्रत्येक वर्गाचे एक याप्रमाणे अकरा नाण्यांचा संच हे चांगले उद्दिष्ट आहे. ही नाणी मोठ्या संख्येने पाडली गेली आणि मोठ्या संख्येने टिकली, त्यामुळे मध्यम अवस्थेतली नाणी बायझंटाईन सोन्याच्या तुलनेत फारच स्वस्त पडतात. एल, एम आणि एन ही अक्षरे दिलेले काही लहान, दुर्मीळ प्रकारही आहेत आणि ते सहसा काळ्या समुद्राकाठच्या ट्रेबिझॉन्ड शहराकडचे मानले जातात. नवख्याने त्यांच्यामागे लागू नये, कारण त्या नावाखाली के वर्गाची झिजलेली नाणीच गळ्यात पडण्याची भीती असते.

संच पूर्ण झाल्यावर दोन वाटा खुल्या होतात. पहिली ए-२ या उपवर्गाची आहे: प्रभावलयातील क्रूसाच्या भुजांवर, ग्रंथाच्या वेष्टनावर आणि मागील लेखाच्या (म्हणजे नाण्यावरच्या मजकुराच्या) वर-खाली असलेल्या बारीक अलंकरणांवरून त्याचे पन्नासांहून अधिक प्रकार पडतात. दुसरी वाट जुन्या नाण्यावर नवा ठसा मारलेल्या नाण्यांची. मला स्वतःला दुसरी वाट अधिक मोलाची वाटते. तिचे कारण पाचव्या टप्प्यात येईल.

## टप्पा २: पैसे देण्याआधी

विक्रेत्याकडून पाच गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वर्ग, आणि नाणे आधी कोणाच्या संग्रहात होते याची माहिती. पाचवी गोष्ट अनेकजण मागतच नाहीत. तुर्कस्तानातून प्राचीन वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेणे हा १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने गुन्हा आहे. इस्तंबूलच्या बाजारात कोणी नाणे पुढे केले तर ते खरे असले तरी घेऊ नये, आणि खोटे असले तर पैसे वाया जातात हे उघडच आहे. जुन्या संग्रहाची किंवा जुन्या लिलावाची नोंद असलेल्या नाण्याला थोडे अधिक पैसे मोजावेत.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी आणखी एका गोष्टीचा विचार आधीच करावा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशी विक्रेत्याने दिलेली ‘पसंत न पडल्यास परत करा’ ही सवलत आपल्यासाठी जवळपास निरुपयोगी असते. सगळी शंका नाणे निघण्याआधीच फेडून घ्यावी. पार्सलवर खरे वर्णन आणि खरी किंमतच लिहायला सांगावी. ‘भेटवस्तू’ किंवा ‘जुना बिल्ला’ असे लिहून घेतले तर कस्टम्समध्ये नाणे अडकते आणि आपली बाजू लंगडी पडते.

सावधान: ‘येशूच्या काळातले नाणे’ किंवा ‘ख्रिस्ताचे चित्र असलेले पहिले नाणे’ असे वर्णन दिसले, तर विक्रेत्याला विषय माहीत नाही असे समजावे. नियमित नाण्यांवर ख्रिस्ताचा चेहरा सम्राट दुसऱ्या जस्टिनियनच्या पहिल्या कारकिर्दीत, म्हणजे ६८५ ते ६९५ या काळात, सोन्यावर आला. अनामिक फोलिस त्यानंतर पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळाने आले.

## टप्पा ३: नाणे हाती आल्यावरचा पहिला तास

या तासात पाणी, तेल, ब्रश यांपैकी काहीही नाण्याला लावू नये. नाणे नेहमी कडेने धरावे, आणि काम या क्रमाने करावे.

1. वजन दोनदा करून लिहावे. दोन आकड्यांत फरक पडला तर काटा सपाट जागी ठेवून पुन्हा मोजावे.
2. व्यास दोन दिशांनी मोजावा. ही नाणी क्वचितच पूर्ण गोल असतात, त्यामुळे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान असे दोन्ही आकडे लिहावेत.
3. दोन्ही बाजूंची दिशा तपासावी. ख्रिस्ताचे डोके वर ठेवून नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटावे. मागची बाजू उलटी दिसली तर ‘सहा वाजता’, सरळ दिसली तर ‘बारा वाजता’ असे लिहावे. या नाण्यांत ‘सहा’ नेहमीचे आहे. वेगळे आले म्हणून नाणे खोटे ठरत नाही, पण नोंद हवीच.
4. दिवा डावीकडून अगदी खाली आणून फोटो काढावेत, मग नाणे जागेवरच पाव फेरा फिरवून पुन्हा काढावेत. असे प्रत्येक बाजूचे चार फोटो होतात. समोरून पडणाऱ्या प्रकाशात झिजलेली अक्षरे दिसत नाहीत, आडव्या प्रकाशात ती सावलीमुळे उमटतात.

वजनाचा उपयोग नेमका समजून घ्यावा. ए-१ नाणी लहान आणि हलकी असतात, ए-२ मधली मोठी नाणी १५ ग्रॅमच्याही वर जातात आणि नंतरचे वर्ग साधारणपणे ५ ते १० ग्रॅमच्या आसपास राहतात. वजनाने शंका बळकट होते किंवा दूर होते, पण केवळ वजनावरून वर्ग ठरत नाही. टांकसाळीत प्रत्येक नाण्याचे वजन काटेकोर ठेवण्याची पद्धत सोन्यासाठी होती. २८८ फोलिसचे मिळून एक सोन्याचे नोमिस्मा होई, तेव्हा एका फोलिसच्या दोन ग्रॅमची चिंता कोणी केली नाही.

## टप्पा ४: वर्ग ओळखणे

बहुतेक चुका याच टप्प्यात होतात. त्यांचे मूळ एकच आहे: लोक दर्शनी बाजूवरचा ख्रिस्त पाहतात आणि तिथेच वर्ग ठरवतात. दर्शनी बाजू अनेक वर्गांत जवळजवळ सारखी असते, म्हणून सुरुवात मागच्या बाजूपासून करावी.

मागे फक्त लेख आहे. ओळी मोजाव्यात. चार ओळी असतील तर ए वर्ग. लेखाचा अर्थ ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’ असा आहे. तीन ओळी असतील तर डी, ई किंवा एफ, आणि मग मात्र पुढची बाजू निर्णय देते. ख्रिस्त पाठ असलेल्या सिंहासनावर बसलेला असेल तर डी, पाठ नसलेल्या आसनावर बसलेला असेल तर एफ, आणि छातीपर्यंतच दाखवला असेल तर ई. झिजलेल्या नाण्यावर सिंहासनाची पाठ शोधायची तर ख्रिस्ताच्या खांद्यांच्या बाहेर, दोन्ही बाजूंना उभ्या ठिपकेदार रेघा आहेत का ते पाहावे.

मागे क्रूस आहे आणि त्याभोवती अक्षरे आहेत. क्रूस तीन पायऱ्यांवर उभा असून लेख त्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेला असेल तर बी. रत्नजडित क्रूसाच्या चार कोनांत रोमन आय-सी, एक्स-सी, एन-आय, के-ए अशी दिसणारी अक्षरे असतील तर सी. ती ग्रीक अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ ‘येशू ख्रिस्त विजयी होतो’ असा आहे. सी वर्गाचा ख्रिस्त इतरांहून वेगळा, गुडघ्यांच्या आसपासपर्यंत उभा दिसतो.

सावधान: चार कोनांत दुसरीच अक्षरे असतील तर ते नाणे अनामिक नाही. चौथा रोमानस (१०६८ ते १०७१) आणि तिसरा निकेफोरस (१०७८ ते १०८१) यांनी क्रूसाच्या कोनांत आपल्या नावाची आद्याक्षरे असलेले फोलिस पाडले, आणि ते सी वर्ग म्हणून सर्रास विकले जातात. सी वर्गासाठी एन-आय, के-ए ही अक्षरे क्रूसाच्या बाजूला दिसायलाच हवीत.

मागे क्रूस आहे, अक्षरे नाहीत. दोन आडव्या दांड्यांचा क्रूस, त्याच्या पायाशी पानाफुलांची नक्षी: एच. एकच आडवी दांडी, टोकांना गोळे आणि ठिपके, वर चंद्रकोरी आणि खाली नक्षी: आय. टोकांना तसेच गोळे आणि खाली एक मोठी चंद्रकोर: जे. नाणे उलटे धरले की आय वर्गाच्या वरच्या कोरी खाली येतात आणि त्याला जे म्हटले जाते. ही चूक मी जाणत्या संग्राहकांच्या लेबलांवरही पाहिली आहे. खात्रीसाठी क्रूसाची लांब भुजा शोधावी. ती नेहमी खाली असते.

मागे कुमारी मरिया आहे. दोन्ही हात वर करून प्रार्थना करणारी मरिया जी आणि के या दोन वर्गांत आहे. दोन्ही बाजूंना मोठ्या टपोऱ्या ठिपक्यांची कड, मरिया छातीपर्यंत आणि ख्रिस्ताच्या हातात गुंडाळी असेल तर जी. मरिया अधिक खालपर्यंत दिसत असेल आणि ख्रिस्ताच्या हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ असेल तर के. कड झिजून गेलेली असेल तर हातातली वस्तू पाहावी.

तपासणी: निर्णय झाल्यावर पुढच्या बाजूचा लेख ताडून पाहावा. ए, बी आणि सी या वर्गांत ख्रिस्ताभोवती ‘इम्मानुएल’ हा शब्द फिरतो. डीपासून पुढे फक्त ख्रिस्ताच्या नावाची संक्षिप्त अक्षरे दोन बाजूंना उरतात. मागे तीन ओळी आणि पुढे ‘इम्मानुएल’ अशी जोडी निघाली तर आपण ओळी चुकीच्या मोजल्या आहेत, किंवा खालच्या जुन्या ठशाची अक्षरे वाचत आहोत.

## टप्पा ५: खालचा जुना ठसा शोधणे

कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) टांकसाळीत नवा वर्ग सुरू होई तेव्हा चलनातली जुनी नाणी घेऊन, ती न वितळवता, थेट त्यांच्यावर नवा ठसा मारला जाई. प्रहार पुरेसा जोरकस नसला की जुने चित्र अर्धवट शिल्लक राही. ए आणि बी वर सी, एच वर आय अशा जोड्या वारंवार आढळतात. या वर्गांचा आगेमागेचा क्रम अभ्यासकांना मुख्यतः याच पुराव्यावरून लावता आला, कारण खालचा ठसा नेहमी आधीचा असतो. सम्राटाचे नाव नसलेल्या नाण्यांना तारखा मिळाल्या त्या अशा. म्हणूनच ‘दोन ठसे मिसळले आहेत, खराब नाणे’ म्हणून बाजूला टाकलेल्या तुकड्याकडे मी आधी वळतो.

माझ्याकडच्या एका सी वर्गाच्या नाण्यावर ख्रिस्ताच्या कोपराखाली तीन समांतर रेघा आहेत, एकीपेक्षा दुसरी लांब. बरेच दिवस मी त्यांना वस्त्राच्या चुण्या समजत होतो. एका संध्याकाळी दिवा उजवीकडे ठेवलेला होता आणि नाणे सहज हातात उलटे फिरले, तेव्हा त्या रेघा पायऱ्यांसारख्या एकावर एक बसलेल्या दिसल्या आणि त्यांच्यावर उभी दांडी पुसटशी उमटली. तो बी वर्गाचा क्रूस होता, म्हणजे जुन्या नाण्याच्या मागच्या बाजूवर नव्याची पुढची बाजू पडली होती.

शोधण्याची पद्धत अशी. आडव्या प्रकाशात नाणे अंशाअंशाने पूर्ण फिरवावे आणि प्रत्येक वेळी फक्त कडेचा पट्टा पाहावा, कारण जुनी अक्षरे बहुधा तिथेच वाचतात. चेहरा, हात आणि वस्त्र यांच्याशी संबंध नसलेली प्रत्येक सरळ रेघ कागदावर उतरवून घ्यावी. मग कागद चारही दिशांनी फिरवून ती रेघ ए ते के यांपैकी कोणत्या चित्रात बसते ते पाहावे.

तपासणी: खालचा ठसा वरच्यापेक्षा नंतरच्या वर्गाचा निघाला तर दोहोंपैकी एक वाचन चुकले आहे. चौथ्या टप्प्याकडे परत जावे.

## टप्पा ६: खोटेपणा आणि बनाव

सामान्य वर्गांची किंमत कमी असल्याने त्यांच्या नकला तुलनेने कमी आहेत, पण आहेत. ओतून केलेल्या नकलेच्या कडेवर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासून टाकल्याच्या खुणा दिसतात, पृष्ठभागावर बारीक गोल छिद्रे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत वाटतात. दोन नाण्यांवर ठसा, झीज आणि कडेची तड हे सगळे जसेच्या तसे सारखे असेल, तर निदान एक तरी नक्कल आहे.

याहून अधिक वेळा दिसतो तो बनाव खऱ्या नाण्यावर केलेला असतो. झिजलेल्या चेहऱ्याचे डोळे आणि केस सुईने नव्याने कोरतात, किंवा खोलगट भागात पिवळसर माती चिकटवून ‘वाळवंटी पॅटिना’ (पॅटिना म्हणजे धातूवर काळाने चढलेला थर) म्हणून विकतात. खरी माती थरात धरलेली असते. चिकटवलेली माती ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने सुटते. ॲसिटोन शुद्ध घ्यावे (नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि रंग असतो), खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ ज्योत नसावी.

## टप्पा ७: सफाई, बहुधा नकोच

नाण्यावरचा काळपट, तपकिरी किंवा हिरवा घट्ट थर म्हणजे मळ नाही. शतकानुशतके तयार झालेले ते नाण्याचे आजचे पृष्ठ आहे, आणि अनेकदा अक्षरांची बारीक धार त्या थरातच टिकलेली असते. चिंच, लिंबू, व्हिनेगर, ताक, भांडी घासायची पावडर यांतल्या कशानेही हा थर जातो आणि खालून गुलाबी, खडबडीत, निर्जीव तांबे निघते. आपल्याकडे देव्हाऱ्यातली तांब्या-पितळेची उपकरणी उजळण्याची सवय हाताला आहे, म्हणून हे मुद्दाम बजावून सांगतो.

सुटी माती अक्षरे झाकत असेल तरच डिस्टिल्ड पाण्यात नाणे बुडवून ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि ओली माती बांबूच्या टूथपिकने भिंगाखाली हलकेच उकलावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते वापरू नये. टूथपिकने जे सुटत नाही ते तसेच राहू द्यावे. शेवटी नाणे टिपकागदावर ठेवून पूर्ण वाळवावे आणि वजन पुन्हा लिहावे.

## टप्पा ८: ब्राँझचा रोग आणि पावसाळा

तांब्यात अडकलेले क्लोराइड, हवेतील ओल आणि प्राणवायू एकत्र आले की फिकट हिरवी भुकटी फुटू लागते. तिला ब्राँझचा रोग म्हणतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत जून ते सप्टेंबर हा त्याचा हंगाम आहे. डाग टूथपिकच्या टोकाने खरवडून पाहावा. कठीण, चकचकीत, न सुटणारा हिरवा रंग हा साधा थर असतो. पिठासारखी फिकट भुकटी सुटली आणि खाली खड्डा दिसला तर रोग चालू आहे.

असे नाणे त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळे करावे. भुकटी भिंगाखाली काढून टाकावी आणि नाणे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करता येते. भुकटी परत आली तर रासायनिक उपचार धातूच्या वस्तूंचे जतन करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावेत. रोग थांबवणारी काही रसायने अंगाला घातक असतात आणि स्वयंपाकघरात त्यांना जागा नाही.

ओकसारख्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते, म्हणून लाकडी पेटी सुंदर दिसली तरी नाणी थेट तिच्यात ठेवू नयेत.

## टप्पा ९: नोंद

प्रत्येक नाण्याचे लेबल ज्या दिवशी ओळख पटते त्याच दिवशी लिहावे. त्यावर काय असावे त्याचा नमुना: ‘अनामिक फोलिस, सी वर्ग, कॉन्स्टँटिनोपल, ७.८२ ग्रॅम, २७ आणि २९ मिमी, सहा वाजता, खाली बी वर्ग (पुढील बाजूवर क्रूसाच्या पायऱ्या), सीअर १८२५, घेतल्याची तारीख, विक्रेता, आधीचा संग्रह, सफाई नाही.’ सीअर म्हणजे डेव्हिड सीअर यांची बायझंटाईन नाण्यांची सूची. तिचे क्रमांक जगभरच्या विक्रेत्यांना कळतात, म्हणून ते लिहिणे सोयीचे पडते: बी १८२३, सी १८२५, डी १८३६, ई १८५५, एफ १८५६, जी १८६७, एच १८८०, आय १८८९, जे १९००, के १९०१. हे क्रमांक सम्राटांच्या क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे जी वर्गाचे नाणे ‘चौथ्या रोमानसचे’ म्हणून समोर येते. आपल्या लेबलावर वर्ग आधी लिहावा आणि सम्राटाचे नाव कंसात घालून ‘बहुधा’ हा शब्द जोडावा. खालचा ठसा वाचता येत नसेल तर ‘खाली जुना ठसा, न ओळखलेला’ असे लिहून त्या भागाचा फोटो सोबत ठेवावा.

लेबल पाकिटाच्या दुसऱ्या कप्प्यात असावे, म्हणजे कागद नाण्याला टेकत नाही. ऑक्टोबरात पावसाळ्याची ओल सरली की सगळी नाणी एकदा बाहेर काढून भिंगाखाली पाहावीत, प्रत्येकाचे वजन जुन्या आकड्याशी ताडावे आणि त्या दिवसाची तारीख लेबलाच्या मागे लिहावी.